सवलतीची अट

२३ जून १९६९ रोजी आयबीएमने जाहीर केले की यापुढे यंत्राचे पैसे वेगळे आणि सॉफ्टवेअरचे वेगळे. तोवर कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणारे सॉफ्टवेअर, हा संगणकाबरोबर येणारा ऐवज होता. कुकरबरोबर शिट्टी येते तसा. यंत्राचे भाडेच एवढे अवजड असे की त्यात सॉफ्टवेअरचा खर्च कुठे मुरला आहे, हे विचारण्याच्या भानगडीत ग्राहक पडत नसे. या घोषणेनंतर सॉफ्टवेअरला स्वतःचा भाव आला आणि भाव आल्यावर एकाच मालाचे दोन भाव व्हायलाही वेळ लागला नाही.

दोन भावांचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बेल लॅब्जमध्ये तयार झालेली युनिक्स ही संगणक प्रणाली. बेल लॅब्ज ही एटी अँड टीची प्रयोगशाळा. १९५६च्या न्यायालयीन तडजोडीनुसार या दूरध्वनी कंपनीला दळणवळणाबाहेरचा धंदा करण्यास मनाई होती. त्यामुळे हातात उत्तम प्रणाली असूनही ती उघडपणे बाजारात मांडता येईना. तोडगा निघाला तो असा: विद्यापीठाने मागितली तर टेपच्या खर्चाच्या आसपास नाममात्र शुल्क घ्यायचे, व्यापारी संस्थेने मागितली तर २०,००० डॉलर. १९७५च्या सहाव्या आवृत्तीचा हा भाव. या व्यवहारात जाहिरात नव्हती, दुरुस्तीची हमी नव्हती, मदत नव्हती आणि पैसे आगाऊ होते. विद्यापीठांना मात्र एक गोष्ट अशी मिळाली, जी आज भरभक्कम पैसे मोजूनही सहसा मिळत नाही: संपूर्ण मूळ कोड.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी १९७६ मध्ये त्या कोडवर वर्गासाठी टिपणे तयार केली. एका भागात सुमारे ९,००० ओळींचा कोड, दुसऱ्यात ओळीओळीचे भाष्य. एखाद्या ग्रंथाची टीका वाचावी तशी मुले एक जिवंत प्रणाली वाचू लागली. १९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली आणि तिच्या परवान्याने वर्गात मूळ कोड शिकवण्यावर बंदी घातली. कंपनीला आता या मालाची बाजारातली किंमत दिसू लागली होती. मग लायन्स यांची टिपणे झेरॉक्सवरून झेरॉक्स होत जगभर फिरली. अक्षरे पुसट होत गेली, वाचणारे वाढत गेले. ती रीतसर पुस्तकरूपात छापली गेली १९९६ मध्ये.

बंदीचा खरा परिणाम ॲमस्टरडॅममध्ये झाला. युनिक्स शिकवता येत नाही म्हणून अँड्र्यू टॅनेनबाम यांनी शिकवण्यासाठीच मिनिक्स ही नवी प्रणाली लिहिली आणि १९८७ मध्ये ती पाठ्यपुस्तकाबरोबर आणली. तिच्यातील बदल मुक्तपणे वाटता येत नसत, ही अडचण उरलीच. १९९१ मध्ये मिनिक्सवर काम करतच लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहिले. गंमत अशी, की लिनक्सच्या पहिल्या परवान्यातही पैसे घेऊन वाटण्यास मनाई होती. १९९२ मध्ये तो बदलून जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना आला. जीपीएलमागचे रिचर्ड स्टॉलमन १९८५ पासून ईमॅक्स या संपादकाची टेप १५० डॉलरला विकत होते. मुक्त याचा अर्थ फुकट नव्हे, हे त्यांनी आधी व्यवहारात दाखवले होते.

घरगुती संगणकांची कहाणी वेगळ्या वाटेने गेली. मायक्रोसॉफ्टचे पहिले उत्पादन म्हणजे अल्टेअर या संगणकासाठीचे बेसिक. ते यंत्राच्या मेमरीबरोबर घेतले तर स्वस्त, नुसते घेतले तर काही पट महाग. लोकांनी मधला मार्ग काढला आणि ते ज्या कागदी पट्टीवर येई, तिच्या नकला केल्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी छंदिष्टांना उघडे पत्र लिहून तक्रार केली की, अल्टेअरच्या मालकांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतले आहे. त्याच वर्षी टॉम पिटमन यांनी आपले टायनी बेसिक पाच डॉलरला विकायला काढले. पाच डॉलरसाठी नक्कल करण्याचा खटाटोप कोण करणार, हा त्यांचा हिशेब.

हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर मांडला तो बोरलँडने. १९८३च्या अखेरीस फिलिप कान यांच्या या कंपनीने टर्बो पास्कल ४९.९५ डॉलरला आणले. इतरांचे कंपायलर तेव्हा काहीशे डॉलरना जात. आँडर्स हेल्सबर्ग यांनी लिहिलेल्या या प्रोग्रॅममध्ये संपादक आणि कंपायलर एकाच छोट्या फाइलीत मावत. तोपर्यंतची रीत म्हणजे संपादकाची फ्लॉपी काढा, कंपायलरची घाला, पहिला फेरा, दुसरा फेरा, मग लिंकर, आणि शेवटी कळायचे की अर्धविराम राहिला. टर्बो पास्कलमध्ये चूक सापडली की कर्सर थेट त्या जागी जाऊन उभा राहायचा. परवानाही साध्या भाषेत: हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखे वापरा; कितीही जणांनी वापरावे, पण एकाच वेळी दोन ठिकाणी नको.

याच घराण्यातले टर्बो सी आणि टर्बो सी++ महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी आणि संगणक अभ्यासक्रमांत पिढ्यांची ओळख बनले. निळा पडदा, पिवळी अक्षरे, कंट्रोल-एफ९ दाबून प्रोग्रॅम चालवायचा, उत्तर दिसण्याआधीच पडदा पळू नये म्हणून शेवटी गेटसीएच. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' शेजारी उघडे. ५० डॉलर असोत की १००, रुपयांत तो आकडा विद्यार्थ्याला झेपणारा नव्हता. परदेशी पाठ्यपुस्तकांची पातळ कागदाची, फक्त या भागात विकायची स्वस्त आवृत्ती मिळे. कंपायलरची तशी आवृत्ती दुकानात दिसत नसे. मग फ्लॉपीवरून फ्लॉपीवर हेच वितरण. त्याची किंमत पुढे भरावी लागली: सी++चे प्रमाणीकरण १९९८ मध्ये झाले, पण कित्येक प्रयोगशाळांत जुनेच कंपायलर चालू राहिले आणि तिथून बाहेर पडलेल्यांना पडदा पुसणारी क्लियरस्क्रीन ही आज्ञा नव्या यंत्रावर का चालत नाही, हे कळेना.

मायक्रोसॉफ्टने १९९०च्या दशकात आवृत्त्यांची उतरंड रचली. व्हिज्युअल बेसिक ६ लर्निंग, प्रोफेशनल आणि एंटरप्राइज अशा तीन थरांत मिळे. स्वस्त थरात काहीतरी मुद्दाम काढून घेतलेले असे. व्हिज्युअल सी++ ६च्या स्टँडर्ड आवृत्तीत कोडला वेग देणारा ऑप्टिमायझर नव्हता. पुस्तकांबरोबर मिळणाऱ्या प्राथमिक आवृत्तीत बांधलेला प्रोग्रॅम उघडला की आधी एक चौकट यायची आणि हा प्रोग्रॅम वाटायची परवानगी नाही, असे बजावायची. स्वतःच लिहिलेला प्रोग्रॅम स्वतःलाच दम देतोय, हा अनुभव चमत्कारिक होता. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरची विद्यार्थी आवृत्तीही सुरुवातीला पुस्तकासारखी विकली जाई. त्यात मोठे मॅट्रिक्स मावत नसत. शैक्षणिक दराच्या पेटीत मात्र बहुधा पूर्ण माल असे. तिथे कात्री मालाला नव्हे, वापराला लावलेली: ओळखपत्र दाखवा आणि व्यापारी काम करू नका.

फुकट कंपायलर सर्वत्र मिळू लागल्यावर ही उतरंड डळमळली. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सप्रेस आवृत्त्या आल्या त्या वर्षभराच्या मोफत सवलतीसह. २००६ मध्ये त्या कायमच्या मोफत झाल्या. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच ड्रीमस्पार्क योजनेने विद्यार्थ्यांना व्यावसायिक साधनेही विनामूल्य दिली. पवईच्या आयआयटी मुंबईतील फॉसी प्रकल्पाने सवलत मागण्याऐवजी तिची गरजच संपवण्याचा रस्ता धरला. पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे विद्यार्थ्यांकडून सायलॅब या मॅटलॅबसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये लिहून घेऊन, मानधन देऊन ती सर्वांसाठी खुली केली.

नोव्हेंबर २०१४ मध्ये आलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटीची क्षमता प्रोफेशनलएवढीच ठेवली गेली. एकटा प्रोग्रॅमर, वर्ग आणि मुक्त सॉफ्टवेअरचे काम यांना ती विनामूल्य. छोट्या संस्थेत पाच जणांपर्यंत. २५० पेक्षा जास्त संगणक किंवा वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक उत्पन्न असलेल्या कंपनीला मात्र, वर्ग आणि मुक्त सॉफ्टवेअर यांसारखे मोजके अपवाद सोडता, पैसे मोजून वरची आवृत्ती घ्यावी लागते.