नगरपालिका सभासद, पेठ जुना गंज

शाळेत आपण जोतीराव फुले शिकतो ते भिडेवाडा, सत्यशोधक समाज आणि 'शेतकऱ्याचा असूड' एवढेच. ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे मला इंजिनिअरिंग संपल्यावर कळलं. १८७६ पासून सहा-सात वर्षं ते तिथे होते. निवडून आले नव्हते बरं का. सरकारनेच नेमलं होतं. म्हणजे ज्याने खुर्ची दिली त्याच्याच पाहुण्यांना हार घालायचे, असा साधारण हिशोब.

१८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होता. स्वागताच्या सजावटीसाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत, असा ठराव आला. हा लिटन म्हणजे देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची गळचेपी करणारा कायदा आणणारा. शिवाय १८७६-७८ चा भीषण दुष्काळ त्याच्याच कारकिर्दीतला, दख्खन पार होरपळून निघालेलं. फुल्यांचं म्हणणं होतं की हा पैसा लोकांचा आहे, तो गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. मत घेतलं तेव्हा बत्तीस नेमलेल्या सभासदांपैकी विरोधात हात एकट्या फुल्यांचा. ठराव अर्थातच पास झाला.

त्याच वर्षी शहरात दारूचे गुत्ते वाढत होते, म्हणून त्यांनी नगरपालिकेच्या प्लंकेट नावाच्या साहेबाला तक्रारीचं पत्र लिहिलं. महसूल वाढतोय म्हटल्यावर कुणाला काय पडलंय!

मला सगळ्यात जास्त आवडतो तो मंडईचा वाद. नगरपालिकेला भाजीबाजारासाठी मोठी, देखणी इमारत बांधायची होती. फुले म्हणाले, आधी शाळा. हरी रावजी चिपळूणकरही विरोधात होते. इथे एक गोष्ट लक्षात घ्या: फुले स्वतः बांधकामाच्या धंद्यातले. मुळा-मुठेवरच्या धरणाला त्यांनी माल पुरवला होता. म्हणजे चुना, दगड, मजुरी यांचे भाव ज्याला पाठ, तो माणूस इमारत नको म्हणतोय. माझ्या मते या विरोधाचं वजन तिथेच आहे. नुसत्या भाषणबाज सभासदाने हेच म्हटलं असतं तर मी पुढे स्क्रोल केलं असतं.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. खाली सही करताना स्वतःची ओळख लिहिली ती व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचा सभासद, पेठ जुना गंज अशी.

मंडई झालीच. १८८६ मध्ये उघडली आणि गव्हर्नरच्या नावावरून 'रे मार्केट' म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत निवडून आले आणि त्यांच्या पुढाकाराने तिचं नाव बदललं. ज्या इमारतीला फुल्यांनी सभागृहात विरोध केला, तिच्यावर आज पाटी आहे 'महात्मा फुले मंडई'. पुणेकर मात्र नुसतं 'मंडई' म्हणतात.