औषधाचे नाव आणि औषधाची खात्री

"डॉक्टर, ही कंपनी चांगली आहे ना?" नगरमधल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न रोज कोणीतरी विचारतेच. ओळखीच्या नावाची स्ट्रिप हातात असली की आपण निर्धास्त होतो. जन औषधी केंद्रातल्या स्वस्त गोळीकडे मात्र संशयाने पाहतो. ब्रँडवरचा हा विश्वास कितपत खरा? त्यासाठी एका विषाचा इतिहास पाहू.

डायइथिलीन ग्लायकॉल हे त्याचे नाव. दिसायला ग्लिसरीनसारखे, चवीला गोड आणि स्वस्त; पण पोटात गेले की मूत्रपिंडे निकामी करते.

1937, अमेरिका. मॅसेन्गिल या जुन्या कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध याच द्रवात विरघळवून 'एलिक्झिर' नावाने विकले. शंभरहून अधिक माणसे दगावली, त्यात बरीच मुले होती. विक्रीआधी सुरक्षिततेची चाचणी घेण्याची सक्ती तेव्हा नव्हती. त्यामुळे कंपनीवर ठपका ठेवता आला तो फक्त नावाचा: 'एलिक्झिर'मध्ये अल्कोहोल असायला हवे, ते यात नव्हते! पुढच्याच वर्षी तिथला कायदा बदलला. आपल्याकडे औषध कायदा आला 1940 मध्ये.

1986, मुंबई. जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिल्यानंतर 14 रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन गेले. त्या ग्लिसरॉलमध्ये हेच विष मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने रुग्णालयाच्या खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतचा गलथानपणा आणि भ्रष्टाचार उघड केला. इथे ब्रँडचा प्रश्नच नव्हता. कोलमडली होती ती तपासणी.

2025, छिंदवाडा. मध्य प्रदेशात 'कोल्ड्रिफ' हे खोकल्याचे औषध घेतलेली वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार सुरू होते. औषधाला ब्रँडचे नाव होते, डॉक्टरांची चिठ्ठीही होती. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेत मात्र त्यात 48.6 टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने लोकांना सावध केले ते 'एसआर-13' हा बॅच नंबर सांगून.

मग ट्रेडमार्कचा काहीच उपयोग नाही का? आहे. माल कोणाचा, हे त्यावरून कळते. ज्याला नाव राखायचे आहे तो काळजी घेण्याची शक्यता जास्त, आणि चूक झाली तर कोणाला धरायचे हेही ठरते. पण 'कोणाचे' हे कळले म्हणून 'आत काय' हे कळत नाही.

शिवाय नावे फसवीही असतात. 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' ही दोन्ही मेंदूच्या मलेरियावरची औषधे, पण आतले घटक वेगळे. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. औषधांच्या नावातला गोंधळ जीवघेणा ठरू शकतो, म्हणून तिथे निकष अधिक कडक हवेत, असे न्यायालयाने 2001 मध्ये बजावले.

तेव्हा तुम्ही एवढे करा:

- ब्रँडच्या नावासोबत औषधाचे मूळ नाव असते, ते वाचा. पुढे 'आय.पी.' असेल तर ते औषध भारतीय औषधकोशाच्या मानकांत बसणे बंधनकारक आहे. हे मानक महागड्या ब्रँडला आणि जेनेरिकला एकच असते.
- पक्के बिल घ्या. त्यावर बॅच नंबर असतो. एखादी बॅच सदोष निघाली तर तुमची बाटली त्यातली आहे का, हे त्यावरूनच कळते.
- ऑगस्ट 2023 पासून 300 प्रमुख ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. मोबाइलवर तो तपासा.
- मेडिकलवाल्याने दुसऱ्या नावाची स्ट्रिप दिली तर घटक आणि मात्रा ताडून पाहा. फिट्स, थायरॉइड किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांची कंपनी परस्पर बदलू नका.
- लहान मुलांना खोकल्याचे औषध, मग ते कितीही नावाजलेले असो, स्वतःच्या मनाने देऊ नका.

शंका आली म्हणून बीपी-शुगरची गोळी मात्र बंद करू नका. स्ट्रिप आणि बिल घेऊन डॉक्टरांकडे या.