चिनी मातीचे इनले आणि फटीचा इतिहास

दाताची कीड काढून झाल्यावर उरलेल्या पोकळीत दंतवैद्य जे मऊ साहित्य दाबून भरतो ते तेथेच घट्ट होते आणि पोकळीचा आकार आपसूक घेते; इनले मात्र त्याच पोकळीच्या मापाने तोंडाबाहेर घडवून मग सिमेंटने बसवलेला घन तुकडा असल्यामुळे तो आणि दात यांच्यामध्ये थोडी का होईना, फट राहतेच. या फटीतून लाळ व जंतू आत शिरले की इनलेखाली पुन्हा कीड लागते. पोर्सिलेनच्या, म्हणजे भाजलेल्या चिनी मातीच्या, इनलेचा गेल्या शतकाहून अधिक काळाचा इतिहास पाहिला तर असे दिसते की घडणीची प्रत्येक नवी पद्धत आली तेव्हा फट नाहीशी झाली नाही, तिचे कारण तेवढे बदलले.

पहिले कारण भट्टीत होते. पोर्सिलेनची भुकटी पाण्यात कालवून भाजली असता तिचे कण एकमेकांना चिकटतात, मधली हवा निघून जाते आणि एकूण घनफळ सुमारे एकतृतीयांशाने घटते. पॅरिसजवळचे औषधविक्रेते आलेक्सी द्यूशातो यांनी १७७४ च्या सुमारास चिनी मातीची कवळी करवून घेतली तेव्हा याच आकसण्याने त्यांना हैराण केले होते. आणि हिरडीवर टेकणाऱ्या कवळीत जी चूक कशीबशी खपे, ती दाताच्या पोकळीत खपणारी नव्हती. १८८० च्या दशकात डेट्रॉइटचे दंतवैद्य चार्ल्स लँड यांनी यावर जो तोडगा काढला त्याचा आधार प्लॅटिनमचा वर्ख हा होता. इंचाच्या सुमारे हजाराव्या भागाइतका पातळ वर्ख पोकळीत ठेवून, कापसाच्या बोळ्याने व गुळगुळीत टोकाच्या हत्याराने तो तळाशी, भिंतींशी आणि कडांशी दाबत न्यायचा, मुडपू न देता अलगद बाहेर काढायचा, त्यात माती थराथराने भरायची आणि दर थरानंतर भाजायची, असा हा क्रम होता. प्लॅटिनम १७६८ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्या काळचे पोर्सिलेन सुमारे १३०० अंशांना भाजले जाई, त्यामुळे वर्ख भट्टीत टिके. माती आकसताना वर्खाला मधल्या बाजूला ओढी व कडा सुटत. म्हणूनच ती एकदम न भरता थोडीथोडी भरायची आणि पडलेली तूट पुढच्या थराने भरून काढायची, ही खबरदारी घेतली जाई. शेवटी वर्ख सोलून काढला की त्याच्या जाडीएवढी, म्हणजे सुमारे २५ मायक्रॉनची फट (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कारागिराचा हात कितीही सफाईचा असला तरी उरेच.

ही फट भरणारे झिंक फॉस्फेट सिमेंट लाळेत हळूहळू विरघळे आणि दाताला किंवा पोर्सिलेनला खऱ्या अर्थाने चिकटतही नसे. १९०७ मध्ये विल्यम टॅगर्ट यांनी मेणाचा नमुना जाळून त्याच्या पोकळीत सोने ओतण्याची रीत दंतवैद्यकात रूढ केल्यावर पोर्सिलेन मागे पडले, यात नवल नाही. सोन्याची कड दाताशी घासून बसवता येते, पोर्सिलेनची कड तशी घासू गेल्यास तुटते.

पोर्सिलेनच्या इनलेला पुन्हा दिवस आले ते मुख्यतः चिकटवण्याच्या विद्येमुळे. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये आम्लाने दाताचे एनॅमल खरखरीत करून त्यावर रेझिन धरते हे दाखवले, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी हायड्रोफ्लोरिक आम्लाने पोर्सिलेनचा पृष्ठभागही तसाच करता येऊ लागला. त्यानंतर झुरिक विद्यापीठातून दोन अगदी निराळ्या वाटा निघाल्या. पहिली दाबकामाची: मेणाच्या नमुन्यावरून उष्णतारोधक साचा करून, तापवून मऊ केलेले काचेसारखे सिरॅमिक त्यात दाबून भरायचे. एम्प्रेस या नावाने ही पद्धत पुढे प्रसिद्ध झाली. सिरॅमिक आधीच घट्ट झालेले असल्याने येथे भट्टीतले मोठे आकसणे टळते आणि थंड होतानाचे थोडेसे आकसणे साच्याच्या प्रसरणाने भरून निघते.

दुसरी वाट यंत्राची. वेर्नर म्योरमान आणि विद्युत अभियंता मार्को ब्रांदेस्तिनी यांच्या सेरेक यंत्राने कोरलेला पहिला इनले १९ सप्टेंबर १९८५ रोजी एका रुग्णाच्या दातात बसवला गेला. पोकळीवर टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी भुकटी फवारून कॅमेऱ्याने माप घेतले जाई आणि हिऱ्याचे कण बसवलेली चकती तयार ठोकळ्यातून इनले कोरी. चकतीला चावण्याच्या पृष्ठभागावरचे खाचखळगे कोरता येत नसत. ते काम दंतवैद्याला इनले बसवल्यावर तोंडातच हाताने करावे लागे. १९९४ च्या सेरेक-२ मध्ये चकतीच्या जोडीला दंडगोल हत्यार आले. पण हत्यार कितीही बारीक केले तरी त्याच्या जाडीपेक्षा अरुंद कोपरा किंवा कंगोरा त्याला घडवता येत नाही, म्हणून दातातली पोकळीच गोलाकार कोपऱ्यांची कोरावी लागू लागली. दाताने यंत्राच्या सोयीने वागावे, असा हा उलटा न्याय होता. त्या पहिल्या यंत्राची कड दाबकामाइतकी नेमकी नसे. तरीही ते टिकले याचे श्रेय त्याच्या अचूकपणाला देता येत नाही, ते फट भरून काढणाऱ्या रेझिन सिमेंटला द्यावे लागते.

किती फट चालेल, याबाबत १२० मायक्रॉन हा आकडा अजूनही प्रमाण मानला जातो. तो मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ मध्ये, एक हजाराहून अधिक दंतकामे पाच वर्षे तपासून दिला. तो रेझिनने चिकटवलेल्या सिरॅमिकच्या आधीचा आहे, हे तो उद्धृत करणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवे. दाबकाम व यंत्रकाम या दोन्ही पद्धती आज कडेपाशी ही मर्यादा सहसा पाळतात; तळाशी आणि आतल्या कोपऱ्यांत मात्र दोन्हींची फट कडेपेक्षा मोठीच राहते.