पदकाच्या कडेवरचे नाव

लष्करी पदके जमवणे, त्यांचा शोध घेणे आणि ती जपणे या छंदात सर्वांत मोलाची जागा म्हणजे पदकाची कड. दर्शनी बाजूवरचे राजाराणीचे मुखचित्र आणि मागची विजयदेवता हजारो पदकांवर सारखीच असते. कडेवर मात्र एकाच माणसाचे नाव आणि त्याची पलटण असते. हे नाव वाचता आले की चांदीच्या तुकड्याला माणूस मिळतो, आणि त्याच्यामागून दप्तरातले कागद शोधता येतात.

ही सोय सुरुवातीपासून नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीने हिंदी शिपायांना दिलेले पहिले पदक १७८४ सालचे ‘डेक्कन मेडल’. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात आणि हैदर-टिपूंविरुद्ध लढलेल्या बंगालच्या पलटणींसाठी ते सोन्याचांदीत पाडले गेले. पिवळ्या दोरीने ते गळ्यात घालत. मागे फारसी मजकूर होता, पण शिपायाचे नाव नव्हते. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या विजयाचे पदक हुद्द्याप्रमाणे सोने, मुलामा दिलेली चांदी, चांदी, ब्राँझ आणि कथील अशा पाच प्रतींत निघाले. त्यावर वाघाला लोळवणारा सिंह आहे, नाव तिथेही नाही. अशा पदकासोबत कागद नसेल तर ते कोणाच्या छातीवर होते हे सांगता येत नाही. वॉटर्लूच्या लढाईनंतर ब्रिटिश सरकारने प्रत्येक पदकाच्या कडेवर नाव ठसवले आणि तो पायंडा पुढे रूढ झाला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पदक म्हणजे १८५१ साली मंजूर झालेले ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’. ते चांदीचे असून फिकट निळ्या फितीवर लढायांची नावे कोरलेल्या आडव्या पट्ट्या, म्हणजे क्लास्प, बसवलेल्या असतात. एकूण २१ प्रकारच्या पट्ट्यांपैकी १० आजच्या महाराष्ट्रातल्या रणभूमींच्या आहेत : आसई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, कोरेगाव आणि दोन जोडनावांच्या पट्ट्या. मराठी राज्य कसे बुडाले त्याची ही जणू चांदीत कोरलेली जंत्रीच, फक्त जिंकणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेली. पदकावर १७९९ ते १८२६ हा काळ घातला आहे, पण पहिली पट्टी १८०३ च्या अलीगडच्या लढाईची आहे. या दोन सालांमधली रेघ काही पदकांवर आखूड तर काहींवर लांब असते आणि संग्राहक त्यावरून प्रकार ओळखतात.

हे पदक फक्त हयात असलेल्यांना आणि त्यांनी अर्ज केला तरच मिळत असे. कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८ ची, म्हणजे मधे तेहेतीस वर्षे गेलेली. लिहिता-वाचता न येणाऱ्या, कधीच गावी परतलेल्या शिपायांपैकी कितीजणांपर्यंत ही बातमी पोचली असेल? तिथल्या तुकडीचा कॅप्टन स्टाँटन १८२५ मध्येच वारला होता, त्यामुळे तोही या पदकाला मुकला. म्हणून कोरेगावची पट्टी अत्यंत दुर्मीळ आहे. जे लढाईत पडले त्यांची नावे भीमाकाठच्या विजयस्तंभावर आहेत, त्यांत ‘नाक’ प्रत्यय असलेली महार शिपायांची नावेही येतात. वाचलेल्यांचा माग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या पदकांच्या याद्यांत काढावा लागतो. स्तंभ आणि यादी शेजारी ठेवल्याशिवाय पलटण पुरी दिसत नाही. पेशव्यांच्या बाजूने लढलेल्यांना असे पदक नव्हते. मराठेशाहीत शौर्याबद्दल कडे, वस्त्रे, इनाम देत. तिथे शोध सनदांतून आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरातून घ्यावा लागतो.

या छंदाला अभ्यासाचे वळण इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लागले. मेयोचा ब्रिटिश पदकांवरील ग्रंथ १८९७ मध्ये आला, आणि १९४२ मध्ये ‘ऑर्डर्स अँड मेडल्स रिसर्च सोसायटी’ स्थापन झाली. भाव वाढले तसे बनावटही वाढले. जुनी कड घासून नवे नाव ठसवणे हा नेहमीचा डाव. कड घासली की व्यास किंचित कमी होतो. व्हर्निअर कॅलिपरने निरनिराळ्या दिशांनी मोजल्यास हा डाव उघडा पडतो. दुर्मीळ पट्टी मागाहून डकवलेली असेल तर तिथे यादी साक्षीला येते.

पहिल्या महायुद्धाच्या पदकांचा शोध सोपा असतो, कारण हिंदी सैनिकाच्या नावाआधी क्रमांक असतो. एका पलटणीत एकाच नावाचे अनेक शिपाई असत, तिथे या क्रमांकाचाच आधार. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ लढणाऱ्यांना चांदीचे मिळाले, मजूर तुकड्यांना ब्राँझचे. ‘१९१४-१५ स्टार’वर नाव पाठीमागे असते. दुसऱ्या महायुद्धाची पदके ब्रिटिश सैनिकांना नावाविना दिली गेली, हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र नाव आढळते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) सारख्या गावांतून या युद्धांसाठी माणसे गेली. चांदीचा भाव चढला तेव्हा, विशेषतः १९८० च्या सुमारास, अशी असंख्य पदके मुशीत गेली.

जतनातला पहिला नियम म्हणजे पदक न घासणे. देवाच्या चांदीच्या भांड्यांबरोबर रांगोळीने घासलेल्या पदकावरचे मुखचित्र पुसट होते आणि कडेची अक्षरेही झिजतात. काळपटपणा चांदीला सहसा धोकादायक नसतो. लोकर, रबर आणि हलके प्लॅस्टिक मात्र तिला खराब करतात, म्हणून आम्लविरहित कागद आणि दमटपणा शोषणारी सिलिका जेलची पुडी वापरावी. फीत विरलेली असली तरी मूळचीच ठेवावी आणि उन्हापासून दूर ठेवावी.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. सोनाराच्या मुशीला मात्र हा कायदा आड येत नाही. घरात पणजोबांचे पदक असेल तर भिंगाखाली धरून कडेवरचा क्रमांक, नाव आणि पलटण आजच वहीत उतरवून घ्यावी, आणि पेन्शनीचे कागद त्याच डब्यात ठेवावेत.