दुग्धशर्करेची कुळकथा

दुधाची अंगची गोडी जिच्यामुळे येते ती साखर म्हणजे दुग्धशर्करा, अर्थात लॅक्टोज. गाईच्या दुधात ती शेकडा पावणेपाच भाग असते, आईच्या दुधात सुमारे सात. उसाच्या साखरेच्या मानाने तिची गोडी जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा, म्हणून नुसते दूध गोडसर लागते, गोड नव्हे.

दूध फाटले की निवळ पाणी उरते. ते आटवून इटालियन वैद्य फाब्रित्सिओ बार्तोलेत्ती यांनी ही साखर कच्च्या रूपात वेगळी केली. ती हकिकत त्यांच्या मृत्यूनंतर, १६३३ मध्ये छापली गेली. पुढे व्हेनिसचे औषधविक्रेते लोदोविको तेस्ती यांनी १७०० मध्ये संधिवातावरचे औषध म्हणून तिची महती सांगणारी पुस्तिका काढली. ही खरोखर साखरच आहे हे मात्र १७८० मध्ये कार्ल विल्हेल्म शीले यांनी ठरवले. दूध आंबते ते ज्या आम्लाने, तेही शीले यांनीच त्या सुमारास शोधले. विरजणातले जिवाणू हे लॅक्टिक आम्ल याच साखरेपासून बनवतात.

औषधी दुनियेत तिचे लॅटिन नाव 'सॅखॅरम लॅक्टिस', म्हणजे दुधाची साखर. होमिओपथीत औषध खलताना तिचीच पूड वापरतात. यातला 'सॅखॅरम' हा शब्द ग्रीकमार्गे लॅटिनमध्ये गेला, आणि त्याचे मूळ भारतीय 'शर्करा'. तेव्हा 'दुग्धशर्करा' हे नुसते भाषांतर म्हणता येणार नाही. त्यातला निम्मा शब्द परदेशी जाऊन घरी परतला आहे.

'लॅक्टोज' हे नाव झां-बाप्तिस्त द्युमा यांनी १८४३ मध्ये दिले. या साखरेचा एक रेणू म्हणजे ग्लुकोज आणि आणखी एक साखर यांची जोडी. ही दुसरी साखर लुई पाश्चर यांनी १८५६ मध्ये स्फटिकरूपात मिळवली आणि तिलाच लॅक्टोज म्हटले. एका नावाच्या दोन साखरा झाल्या. हा घोळ मार्सेलाँ बर्थेलो यांनी १८६० मध्ये निस्तरला: लॅक्टोज हे नाव जोडीकडे ठेवले, घटकाला गॅलॅक्टोज म्हटले. तोडगा चांगला होता, पण अर्थ पाहिला तर फरक केवळ भाषेचा. 'लॅक' लॅटिन, 'गाला' ग्रीक. दोन्हींचा अर्थ दूधच.

संस्कृतात शर्करा म्हणजे आधी खडे, रेती. साखर हा अर्थ मागाहून आला. दुग्धशर्करेला तो जुना अर्थ अधिक शोभतो, कारण ती पाण्यात फार विरघळत नाही. साध्या तापमानाच्या १०० ग्रॅम पाण्यात उसाची साखर सुमारे २०० ग्रॅम मावते, ही सुमारे २०च. दुधाची भुकटी जास्त पडलेले आइस्क्रीम फार दिवस ठेवले, की दुग्धशर्करेचे स्फटिक वेगळे होतात आणि जिभेला रेतीसारखे कचकचतात.