मालगुडीत आमची वस्ती कुठे होती?

एप्रिल २०२०. लॉकडाऊन लागलेला. १३ एप्रिलला प्रसारभारतीने 'डीडी रेट्रो' ही जुन्या मालिकांची वाहिनी सुरू केली आणि दुसऱ्या दिवशी भीमजयंती होती. त्या वर्षी श्रीगोंद्यात आम्ही जयंती घरातच केली. मिरवणूक नाही, ढोल नाही, प्रतिमेला हार घातला, वंदना घेतली आणि पुन्हा टीव्हीसमोर बसलो. त्याच दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर आठवणींचा पूर आला होता. 'मालगुडी डेज', 'नुक्कड', 'वागळे की दुनिया', 'चिमणराव'. प्रत्येक आठवणीखाली कुणीतरी लिहायचेच : किती निरागस दिवस होते, तेव्हा कुणी कुणाची जात विचारत नव्हते.

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे.

आधी कबुली देतो. या मालिका आम्हालाही आवडायच्या आणि आजही आवडतात. मालगुडीची ती धून कुठे कानावर पडली तरी आम्ही थांबतो. आंबेडकरी माणसाने टीव्हीसमोर हसू नये, सतत कपाळाला आठ्या घालून बसावे, असे ज्या मित्रांना वाटते त्यांच्याशी आमचे पटत नाही. प्रश्न हसण्याचा नाही. आम्ही कुठे बसून हसलो, हा प्रश्न आहे.

'मालगुडी डेज' दूरदर्शनवर १९८६ साली आली. तेव्हा आमच्या वस्तीत एकही टीव्ही नव्हता. गावात ज्यांच्याकडे होता त्यांच्या दारात आम्ही पोरे जमायचो. एक जण पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा, खालून सगळे ओरडायचे, 'आलं, आलं… गेलं!' पत्र्यावर चढणारा बहुधा आमच्यातलाच असायचा. चित्र स्थिर झाले की घरची माणसे आत सतरंजीवर, शेजारपाजारची पोरे भिंतीला टेकून, आणि आम्ही उंबऱ्याच्या बाहेर, चपला काढतात तिथे. तहान लागली तर वस्तीत जाऊन पाणी पिऊन यायचे, तोवर मालिका संपलेली असायची. हसायचे तर आवाज बेताचा ठेवून हसायचे. त्या घरातल्या माणसांनी आम्हाला कधी हाकलले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. जात मात्र खरोखरच कुणी विचारली नाही. विचारायची गरजच नव्हती, बसायच्या जागेवरून ती कळतच होती.

पुढे वस्तीतल्या एकाला मुंबईत नोकरी लागली, त्याने ब्लॅक अँड व्हाइट सेट आणला. मग आम्ही काय हसलो म्हणता! म्हाताऱ्यांना 'नुक्कड'मधली हिंदी निम्मी कळायची नाही, पण खोपडी झोकांड्या देत आला की अख्खी खोली गडगडायची.

आता पडद्यावरच्या गावाकडे वळू. आर. के. नारायण यांचे मालगुडी काल्पनिक आहे. शंकर नाग यांनी ते कर्नाटकातल्या आगुंबे या गावात उभे केले. शाळा, स्टेशन, मिठाईचे दुकान, पोस्टमन, सावकार, सगळे आहे. गरीबही आहेत. गरीब दाखवायला कुणाचीच हरकत नसते. वस्ती मात्र दिसत नाही. गावाबाहेरचे ते घर, जिथून रोज सकाळी कुणीतरी गाव झाडायला येते, ते कॅमेऱ्याला सापडत नाही.

कुणी म्हणेल, लेखकानेच लिहिले नाही तर मालिकेने कुठून आणावे? पण लेखकाने लिहिले आहे! नारायण यांची 'वेटिंग फॉर द महात्मा' ही कादंबरी १९५५ सालची. तिच्यात गांधीजी मालगुडीला येतात आणि नगराध्यक्षाच्या बंगल्याऐवजी सफाई कामगारांच्या वस्तीत मुक्काम करतात. (गांधीजींच्या हरिजनसेवेविषयी बाबासाहेबांनी १९४५ सालीच 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स'मध्ये हिशेब मांडला आहे, तो तरुणांनी मुळातून वाचावा.) मुद्दा एवढाच की मालगुडीला आमची वस्ती होती. मालिकेसाठी निवड झाली ती 'स्वामी अँड फ्रेंड्स'ची, 'द व्हेंडर ऑफ स्वीट्स'ची आणि लघुकथांची. वस्ती पुस्तकातच राहिली आणि देशाच्या आठवणीत जे मालगुडी बसले ते वस्ती वजा केलेले. यात कुणाचा कट होता असे आम्ही म्हणत नाही. कटाची गरजही पडत नाही. 'छान छोटे गाव' डोळ्यांसमोर आणा म्हटले की सवर्ण मनाला जे दिसते, त्यात आम्ही मुळातच नसतो.

हे वजा करणे टीव्हीने सुरू केले असेही नाही. आमच्याच गावाचे नाव बघा. श्रीगोंद्याचे जुने नाव चांभारगोंदे. शिवकाळाच्या इतिहासात, जुन्या कागदपत्रांत हेच नाव भेटते. गोविंद नावाच्या एका चांभार भक्तावरून ते पडले, अशी आख्यायिका आहे. पुढे चांभार गेला, 'श्री' आली, गोंदा तेवढा राहिला. आज स्टँडवर उतरणाऱ्या पोराला विचारा, तुझ्या गावाच्या नावात कुणाचा घाम आहे? त्याला सांगता येणार नाही. गावाची पाटी जर कातडे कमावणाऱ्याला पुसून 'श्री' होते, तर मालिकेतले गाव त्याला का ठेवील?

मराठी पडद्याचा हिशेबही करायला हवा. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यावर 'चिमणराव' गाजला. चिं. वि. जोशींचे लेखन, दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. कामे उत्तमच. मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातली फजिती म्हणजेच मराठी विनोद, असे समीकरण घरोघर पोहोचले. त्याच सुमारास, २७ जुलै १९७८ रोजी, विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. आमच्या घरच्या मोठ्या माणसांना त्या वर्षांचे विचारले तर त्यांना गुंड्याभाऊ आठवत नाही. मराठवाड्यातले पाहुणे रातोरात कसे निघून आले, ते आठवते. 'तो काळ निरागस होता' म्हणणाऱ्याने कोणाचा काळ ते आधी सांगावे.

त्या काळी टेप महाग, म्हणून दूरदर्शनवर एकीवर दुसरे चित्रीकरण होई. 'चिमणराव'चे बहुतेक भाग असेच पुसले गेले. रसिक त्याबद्दल हळहळतात, आम्हीही हळहळतो. पण आमच्या हसण्याची तर टेपच कधी निघाली नाही. सत्यशोधक जलसे झाले, त्यांच्या वाटेवरून भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. त्यांत फार्स असायचा. भटजीची फिरकी असायची, सावकाराच्या वहीची टर असायची, हसता हसता पाण्याचा आणि शाळेचा प्रश्न ऐकणाऱ्याच्या गळी उतरायचा. छोट्या गावाचा विनोद म्हणतात तो आमच्याकडे टीव्हीच्या कितीतरी आधी होता, फरक इतकाच की त्यातल्या गावाला गावकुसाबाहेरची बाजूही होती. त्याचे पुनःप्रक्षेपण कोणत्या वाहिनीवर लागते?

हा रोग आपल्याच पडद्याचा आहे असेही समजू नका. अमेरिकेत 'द अँडी ग्रिफिथ शो' ही मालिका ऑक्टोबर १९६० मध्ये सुरू झाली. मेबेरी नावाचे काल्पनिक छोटे गाव, बंदूक न बाळगणारा भला शेरीफ, त्याचा पोरगा, भोळे शेजारी. १९६८ पर्यंत २४९ भाग झाले आणि तिचे पुनःप्रक्षेपण आजही चालूच असते. हे मेबेरी नॉर्थ कॅरोलायना राज्यात दाखवले आहे. त्याच राज्यातल्या ग्रीन्सबरो शहरात १ फेब्रुवारी १९६० रोजी चार काळे विद्यार्थी वूलवर्थ दुकानात गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहार काउंटरवर जाऊन बसले आणि ते बैठे सत्याग्रह दक्षिणेत सगळीकडे पेटले. मेबेरीत त्याची झळ पोहोचली नाही. आठ वर्षांत बोलण्याजोगी भूमिका मिळालेला काळा माणूस तिथे एकदाच, १९६७ साली येतो. तिकडचे गोरे प्रेक्षकही म्हणतात, किती निरागस दिवस होते! १९४६ साली बाबासाहेबांनी विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिले ते उगाच नव्हते. दोघांच्या लोकांना एकाच पद्धतीने चित्राबाहेर ठेवले जात होते.

मग आम्हाला 'नुक्कड' अजून का आवडतो? सईद मिर्झा आणि कुंदन शाह यांच्या त्या चौकात सायकल दुरुस्त करणारा हरी होता, वायरमन गुरू होता, धुणीभांडी करणारी राधा होती, भिकारी घनशूसुद्धा माणूस म्हणून उभा होता. आडनावे तिथेही लपलेलीच होती, जातीचा उच्चार नव्हता. पण हातांना काम होते आणि त्या कामाची लाज नव्हती. उंबऱ्याबाहेर बसणाऱ्या पोराला एवढेही खूप वाटायचे. त्या चौकाला उंबराच नव्हता ना!

आणि हे सगळे जुने झाले म्हणणाऱ्यांना आपल्याच जिल्ह्याची आठवण करून देतो. मे २०१५ मध्ये शिर्डीत बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका तरुणाचा खून झाला. तो काही १९८६ चा काळ नव्हता. स्मार्टफोन आले होते, मालगुडी यूट्यूबवर होते.

लॉकडाऊन उठल्यावर आम्ही वस्तीतल्या साठीपुढच्या माणसांना एकेक करून विचारायला सुरुवात केली : पहिला टीव्ही कुणाच्या घरी पाहिला, कुठे बसून पाहिला, पाणी कोणी दिले, जलसा कधी ऐकला, त्यातले काय आठवते. मोबाइलवर रेकॉर्ड करतो आणि वहीतही उतरवून घेतो. एका आजीने जलशातल्या फार्सातली सावकाराची नक्कल पदर खोचून करून दाखवली, तेव्हा फोन धरणाऱ्याचा हात हसून हसून हलत होता. ते चित्रीकरण हललेलेच आहे, तरी तसेच ठेवले आहे. पारनेर, कर्जत, जामखेडच्या मित्रांनी आपापल्या वस्तीत हेच काम हाती घ्यावे. ऐंशी ओलांडलेली माणसे आधी गाठा.