तेलाच्या दाबाचा काटा खाली येतो तेव्हा

१/ देवरीहून चिचगडकडे जाणारा रस्ता. मे महिन्याची दुपार. जंगलातून एक जुनी विलीज जीप चालली आहे, अशी कल्पना करा. इंजिनाचा आवाज सुरळीत आहे, पाणी तापलेले नाही. आणि तेलाच्या दाबाचा काटा एकाएकी शून्याकडे घसरतो. पुढच्या एक-दोन मिनिटांत चालक काय करतो, यावर इंजिनाचे आयुष्य ठरते. त्या काट्याचा, आणि तो वाचण्याच्या विद्येचा हा इतिहास. 🧵

२/ या इतिहासाची सुरुवात मोटारीपासून नव्हे, रेल्वेपासून होते. १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूर-छत्तीसगढ मीटरगेज मार्ग आजच्या गोंदिया जिल्ह्यातून गेला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ब्रॉडगेज केला. पुढे सातपुड्यातून जबलपूरकडे नॅरोगेज निघाली आणि गोंदिया जंक्शन झाले. त्या काळी जगभरच्या रेल्वेंना एकच दुखणे सतावत असे: तेल कमी पडले की डब्याच्या आसाचे बेअरिंग तापे आणि गाडी वाटेत थांबे. रेल्वेच्या भाषेत हा ‘हॉट ॲक्सल’.

३/ तेल बेअरिंगमध्ये नेमके करते काय, हे तोवर कोणासही नीट ठाऊक नव्हते. १८८३ मध्ये ब्यूशँप टॉवर या इंग्रज अभियंत्याने यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी याचे प्रयोग केले. बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी त्याने एक छिद्र पाडले. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्याच छिद्रातून वर आले. त्याने लाकडी बूच ठोकले. तेलाने तेही बाहेर ढकलले.

४/ मग टॉवरने तेथे दाबमापक बसवला. त्याची मोजणी दर चौरस इंचास २०० पौंडांपर्यंतच होती. काटा तीही ओलांडून गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र १०० पौंडांच्याच आसपास होता. अर्थ स्पष्ट होता: फिरणारा आस तेलाला स्वतःखाली ओढून घेतो आणि त्या पातळ थरावर तरंगतो. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने या घटनेचे गणित मांडले. निरोगी बेअरिंगमध्ये धातू धातूला टेकतच नाही.

५/ येथे एक भेद ध्यानी घ्यावा. आसाला उचलून धरणारा दाब आसाच्या फिरण्यातून निर्माण होतो. पंपाचे काम बेअरिंगपाशी तेल अखंड पोचवणे एवढेच. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्ड मॉडेल टी गाडीत तर तेलाचा पंपही नव्हता. फ्लायव्हील तेल उडवी आणि ते इंजिनभर शिंपडले जाई. तेल किती आहे हे पाहण्यासाठी इंजिनाखाली दोन तोट्या होत्या. काटा नव्हता, कारण मोजण्याजोगा दाबच नव्हता.

६/ इंजिनांचा वेग आणि भार वाढला तसे शिंपडणे अपुरे पडू लागले. तेल पंपाने नळ्यांतून थेट बेअरिंगपर्यंत नेणे आवश्यक झाले, आणि ते पोचते की नाही हे चालकाला कळणेही. त्यासाठीचे साधन वाफेच्या युगाने आधीच दिले होते. फ्रान्सच्या यूजीन बूर्दाँने १८४९ मध्ये ज्याचे पेटंट घेतले, तो दाबमापक. त्यातील वाकडी पोकळ नळी दाबाने किंचित सरळ होते आणि काटा हलवते.

७/ दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या डॅशबोर्डवर हाच काटा होता. इंजिनातील तेल एका बारीक नळीने थेट त्याच्या पाठीशी येई. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने ही गाडी भारतात जोडली, मग बनवली. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला, १९९९ पर्यंत भंडाऱ्यात मोडणारा वनप्रदेश हा अशा गाडीचाच मुलूख.

८/ तर मग काटा पडल्याचा अर्थ काय? काटा तेलाचे प्रमाण दाखवत नाही. पंपाने ढकललेल्या तेलाला वाटेत किती अडथळा होतो, ते दाखवतो. म्हणून दाब पडण्याची कारणे तीनच प्रकारची: पंपाला तेल मिळत नाही, तेलाला भलतीकडे वाट मिळाली आहे, किंवा काटाच खोटे बोलतो आहे. तिसरी शक्यता सर्वांत सुखाची वाटते. म्हणूनच ती सर्वांत घातक.

९/ पहिला नियम: इंजिन तत्काळ बंद. निदान नंतर. दुसरी पायरी तेलाची काठी. पातळी खाली असेल तर गळती शोधावी. पातळी *वाढलेली* असून पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोलपंपाचा पडदा फाटून पेट्रोल तेलात उतरले आहे. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरले आहे. काट्याकडे जाणारी नळी तुटली असेल तर तेलाची चिळकांडी दिसेल. यानंतरच दुसरा, खात्रीचा मापक जोडून जुन्याची परीक्षा घ्यावी.

१०/ काटा खरा ठरला, तर पुढचा प्रश्न: दाब केव्हा पडतो? थंड इंजिनात चांगला आणि तापल्यावर कमी, तोही महिनोन्महिने उतरत गेलेला, तर संशय झिजलेल्या बेअरिंगांवर. थंड असतानाही एकाएकी कमी, तर पंपाच्या रिलीफ व्हॉल्व्हवर. कचरा अडकून तो उघडा राहिला की तेल बेअरिंगकडे न जाता माघारी वळते. गरम इंजिन मंद चालताना १० पौंडांच्या आसपासचा दाब मात्र या जीपला स्वाभाविक आहे.

११/ विलीजच्या रचनेत निदानाचा एक सुगावा दडलेला आहे. तिचा डिस्ट्रिब्यूटर तेलपंपाच्या दांड्यावरच फिरतो. पंपाचे मुख्य चाक निकामी झाले तर ठिणगी थांबून इंजिनही बंद पडेल. म्हणजे काटा शून्यावर असून इंजिन चालूच असेल, तर ते चाक बहुधा शाबूत आहे. मग व्हॉल्व्ह पाहावा, आणि चेंबर उतरवून तेलावर तरंगणारी जाळी पाहावी. वर्षानुवर्षांचा गाळ तेथे साचतो.

१२/ या विद्येइतकीच तिची लबाडीही जुनी आहे. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे चकत्या घातल्या किंवा दाट तेल ओतले की काटा वर येतो. झिजलेले बेअरिंग मात्र झिजलेलेच राहते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने म्हणूनच काटा इंजिन थंड असताना नव्हे, अर्धा तास चालवून तापल्यावर पाहावा.

१३/ टॉवरपाशी दाबमापक होता आणि काट्याने सांगितलेले अनपेक्षित सत्य मानण्याची तयारीही होती. चिचगडच्या रस्त्यावरील चालकाला हेच दुसरे अधिक लागते. आवाज ठीक आहे म्हणून तो गावापर्यंत गाडी रेटतो, तेव्हा बेअरिंगचा मऊ धातू वितळू लागलेला असतो. ठोका ऐकू येईपर्यंत क्रँकशाफ्टवर चरे पडलेले असतात. सावलीत थांबून जाळी साफ करण्यात दुपार जाते. न थांबल्यास इंजिन जाते.

(समाप्त)